रिकाम्या कुलपाची गोष्ट

पाचोऱ्यात कुणाला पत्ता विचारलात, तर "पीजेच्या फाटकाच्या पुढे" असं उत्तर अजूनही मिळू शकतं. पीजे म्हणजे पाचोरा–जामनेर ही नॅरोगेज गाडी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत सुमारे ५६ किलोमीटर जायची. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि मग मार्ग ब्रॉडगेज करायचं काम हाती घेतलं गेलं. गाडी गेली तरी फाटक पत्त्यात उरतं. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, कुरियरवाल्याला फोनवर सांगताना.

आता समजा, रेल्वेने ते फाटक एका रात्रीत काढून टाकलं. रेल्वेच्या हिशेबात काहीच बिघडत नाही. फाटक गाडीसाठी होतं आणि गाडी बंद आहे. पण दुसऱ्या दिवशी कुरियरवाला भलतीकडे जातो. चूक कोणाची? फाटक ही काही पत्त्याची खूण म्हणून बांधलेली वस्तू नव्हती. तिचा तसा उपयोग लोकांनी केला.

ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकाच्या जगात नेमकं असंच एक फाटक निघालं. त्याचं नाव होतं _आयओ_एफट्रायलॉकफाइल. हा कुलूप लावण्यासाठीचा मॅक्रो होता आणि गंमत म्हणजे बाहेरच्यांसाठी त्या कुलपात काहीच नव्हतं. तो निव्वळ रिकामा होता. तरीही तो काढल्यावर जगभर लोकांची बांधकामं अडली. ही त्या रिकाम्या कुलपाची गोष्ट. ती समजायला प्रोग्रामिंग यायलाच पाहिजे असं नाही, पण चाळीसेक वर्षं मागे जावं लागेल.

दर्शनी फलक आणि आतली खोली

लिनक्सवर चालणारा जवळजवळ कुठलाही प्रोग्राम फाइल उघडताना, अक्षर वाचताना, मेमरी मागताना एका मध्यस्थाकडे जातो. त्याला सी लायब्ररी म्हणतात. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये बायोनिक नावाची सी लायब्ररी असते. बहुतेक लिनक्स सर्व्हर आणि लॅपटॉपवर ग्नू प्रकल्पाची सी लायब्ररी असते. तिचं लाडकं नाव ग्लिबसी.

या लायब्ररीत काय काय मिळतं, हे हेडर फाइलमध्ये लिहिलेलं असतं. हेडर म्हणजे तहसील कचेरीतल्या खिडकीबाहेरचा फलक. इथे सातबारा मिळेल, इथे दाखला मिळेल, सोबत ही कागदपत्रं आणा. आत कपाट कुठे आहे, कारकून कोणत्या रजिस्टरात काय लिहितो, हे फलकावर असायचं कारण नाही. फलक हा लोकांशी केलेला करार असतो आणि आतली खोली कचेरीची स्वतःची.

सी भाषेच्या हेडरमध्ये मात्र ही भिंत सुरुवातीपासूनच पातळ होती. त्याचं कारण मॅक्रो. मॅक्रो म्हणजे लघुनाव. प्रोग्राम कंपाइल होण्याआधी त्या नावाच्या जागी ठरलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला जातो. फंक्शनला बोलावलं की काम लायब्ररीच्या घरात होतं. मॅक्रो वापरला की लायब्ररीचा मजकूरच तुमच्या घरी येऊन राहतो.

वेगासाठी उघडलेलं दार

१९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. फाइलमधून एक अक्षर वाचायचं असेल तर 'गेटसी' वापरायचं, हे तेव्हा ठरलं. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत हा गेटसी एका ओळीचा मॅक्रो होता. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा: बफरमध्ये उरलेल्या अक्षरांची संख्या एकने कमी कर, शिल्लक असेल तर पुढचं अक्षर दे, नसेल तर बफर भरणाऱ्या फंक्शनला बोलाव.

असं का केलं? त्या काळच्या पीडीपी-११ यंत्रावर फंक्शनला बोलावणं महाग होतं. लाखभर अक्षरांची फाइल वाचायची तर लाख वेळा फंक्शनला बोलवा. मॅक्रोमुळे बहुतेक अक्षरं जागच्या जागी मिळायची आणि बफर संपल्यावरच आत जावं लागायचं. निर्णय शहाणपणाचा होता.

पण त्याची किंमत होती. 'उरलेली संख्या' आणि 'पुढचं अक्षर कुठे' हे दोन्ही तपशील आता हेडरमध्ये उघड लिहावे लागले, कारण मॅक्रो तुमच्या प्रोग्राममध्ये उतरणार आणि तिथून त्यांना हात लावणार. कारकुनाचं रजिस्टर खिडकीच्या बाहेर आलं. त्यातल्या नावांच्या आधी अंडरस्कोर लावला जायचा. १९८९ च्या सी प्रमाणाने हा संकेत पक्का केला: अंडरस्कोर आणि त्यानंतर मोठं इंग्रजी अक्षर किंवा दुसरा अंडरस्कोर आला, की ते नाव लायब्ररी आणि कंपायलर यांच्यासाठी राखीव. म्हणजे 'कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त प्रवेश नाही' अशी पाटी. दार मात्र उघडंच, कारण ते बंद करायची सोय भाषेत नव्हती.

एका रजिस्टरावर दोन कारकून

त्या काळी एका प्रोग्राममध्ये एका वेळी एकच काम चालायचं. पुढे थ्रेड आले, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे अनेक धागे. पोझिक्स या प्रमाणाने १९९५ मध्ये थ्रेडचे नियम ठरवले. लिनक्सवर झावियर लरॉय यांनी १९९६ मध्ये लिनक्सथ्रेड्स लिहिलं.

आता तो जुना गेटसी आठवा. दोन थ्रेड एकाच फाइलमधून वाचताहेत. पहिल्याने संख्या कमी केली, पण अक्षर उचलायच्या आत दुसराही तिथेच पोचला. दोघांनाही तेच अक्षर मिळालं, किंवा एक अक्षर कुणालाच मिळालं नाही. एका रजिस्टरावर दोन कारकून एकाच वेळी लिहायला लागले की हेच होतं. उपाय एकच: रजिस्टराला कुलूप. ज्याच्या हातात किल्ली, त्यानेच लिहायचं.

पोझिक्सने त्यासाठी तीन अधिकृत नावं दिली: एफलॉकफाइल, एफअनलॉकफाइल आणि एफट्रायलॉकफाइल. पहिलं कुलूप लावतं, दुसरं काढतं. तिसरं प्रयत्न करून बघतं आणि कुलूप आधीच कुणी लावलेलं असेल तर वाट न बघता परत येतं. ही नावं फलकावरची, सर्वांसाठी.

थ्रेडने आणखी एक जुनी गोष्ट उलटीपालटी केली. 'एरनो' म्हणजे शेवटची चूक कोणती झाली त्याचा क्रमांक. तो साधा एक आकडा होता, साऱ्या प्रोग्रामसाठी सामाईक. दोन थ्रेड असतील तर एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर जाईल. म्हणून एरनोचा मॅक्रो झाला. नाव तेच, पण आतून प्रत्येक थ्रेडला स्वतःचा वेगळा आकडा.

ज्यांनी नियमाप्रमाणे हेडर घेतलं होतं, त्यांना बदल कळलाही नाही. पण काहींनी हेडर न घेता स्वतःच्या हाताने 'एरनो नावाचा एक आकडा कुठेतरी आहे' असं लिहून ठेवलं होतं. डॅनियल बर्नस्टीन यांचा १९९८ चा क्यूमेल १.०३ हा ईमेल सर्व्हर त्यातलाच. २००२–०३ च्या सुमाराला ग्लिबसी २.३ आलं आणि असे प्रोग्राम बांधताना अडू लागले. एरनो मॅक्रो असू शकतो, हे सी प्रमाणात १९८९ पासून होतं. तरी प्रत्यक्ष दुरुस्ती करावी लागली ती क्यूमेल बसवणाऱ्या लोकांना, गावोगावच्या सर्व्हरवर, एक-एक ओळ बदलून.

आतली कुलपं बाहेर कशी आली

ग्लिबसीची सुरुवात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोलंड मॅकग्राथ यांनी केली. १९९७ मध्ये ग्लिबसी २.० आली. लिनक्सवर तिने फाइल वाचण्या-लिहिण्याचा भाग स्वतःचा जुना न ठेवता 'लिबआयओ' नावाच्या संचातून घेतला. लिबआयओ पेर बॉथनर यांनी मुळात सी++ साठी लिहिला होता. सी आणि सी++ या दोन्ही भाषांनी एकच बफर वापरावा, म्हणजे दोन्हीकडून छापलेल्या ओळींचा क्रम चुकणार नाही, अशी त्यामागची कल्पना. म्हणून त्याची हेडर फाइल सार्वजनिक ठेवणं भाग होतं. ती सी++ च्या लायब्ररीलाही लागायची.

नेहमीच्या 'एसटीडीआयओ' हेडरमधूनच लिबआयओचं हेडर आत ओढलं जायचं. त्यामुळे सी शिकणारा विद्यार्थी पहिल्या प्रोग्रामची पहिली ओळ लिहायचा, तेव्हाच त्याच्या नकळत _आयओ_ ने सुरू होणारी कितीतरी नावं त्याच्या प्रोग्राममध्ये येऊन बसायची. त्यातच ही तीन होती: _आयओ_एफलॉकफाइल, _आयओ_एफअनलॉकफाइल, _आयओ_एफट्रायलॉकफाइल. ही फलकावरची अधिकृत नावं नव्हेत. लायब्ररीच्या आत वापरायची, अंडरस्कोरवाली जुळी भावंडं.

यात एक बारकावा आहे. ग्लिबसी स्वतः बांधली जाताना एक विशेष खूण चालू असायची. ती चालू असेल तरच या मॅक्रोंमध्ये खरं कुलूप भरलं जायचं. तुमच्या-माझ्या प्रोग्रामसाठी ती खूण बंद, त्यामुळे तिन्ही मॅक्रो कोरे. चिकटवायला मजकूरच नाही. बाहेरच्या कुणी कुलूप समजून ते वापरले असते तर प्रोग्राम मुकाट बांधला गेला असता आणि रजिस्टर उघडंच राहिलं असतं.

२००१ मध्ये जीसीसी ३.० सोबत सी++ ची नवी लायब्ररी आली. बफर वाटून घ्यायची ती जुनी व्यवस्था संपली. म्हणजे लिबआयओचं हेडर सार्वजनिक ठेवण्याचं मूळ कारणही संपलं. पण हेडर राहिलं. रुळावर गाडी नसताना फाटक राहतं तसं.

खूण म्हणून कुलूप

आता ग्नूलिब. हा ग्नू प्रकल्पातला तयार कोडचा साठा आहे. लिनक्स, सोलारिस, बीएसडी, विंडोज अशा वेगवेगळ्या व्यवस्थांवर तोच प्रोग्राम चालावा म्हणून लागणारी जोडकामं त्यात असतात. तो लायब्ररीसारखा एका जागी बसवला जात नाही. प्रत्येक प्रकल्प त्यातल्या हव्या त्या फाइल स्वतःच्या सोर्स कोडमध्ये कॉपी करून घेतो. ही कॉपी पुढे महागात पडणार आहे.

ग्नूलिबमधल्या काही फाइलना एक अवघड माहिती हवी होती: बफरमध्ये न वाचलेली किती अक्षरं उरली आहेत? प्रमाणित सी मध्ये हे विचारायची सोयच नाही. मग आत डोकावण्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि आतली मांडणी प्रत्येक व्यवस्थेत वेगळी. म्हणून आधी प्रश्न विचारायचा, 'आपण कुणाच्या घरात आहोत?' आणि उत्तराप्रमाणे पुढची ओळ निवडायची.

हे ग्लिबसीचं घर आहे हे कसं ओळखायचं? ग्नूलिबने विचारलं, '_आयओ_एफट्रायलॉकफाइल हे नाव इथे आहे का?' असेल तर मांडणी लिबआयओची. त्यातच बीओएस आणि हायकू याही व्यवस्था ओळखता यायच्या, कारण त्यांनीही तोच संच उचलला होता.

लक्षात घ्या, ग्नूलिबला कुलूप लावायचं नव्हतंच. तिला फक्त फाटक दिसतंय का, ते बघायचं होतं. दिसलं की डावीकडे वळायचं. दिसणाऱ्या यादीतलं कुठलंच फाटक नसेल, तर कंपाइल तिथेच थांबवायचं आणि संदेश द्यायचा: ही फाइल तुमच्या व्यवस्थेसाठी जुळवून घ्या आणि आम्हाला कळवा.

ग्नूलिबच्या लेखकांना आपण काय करतोय हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना माहीत होतं. दुसरा रस्ता नव्हता, हेही खरं होतं.

सफाई

ग्लिबसीच्या कामात महाराष्ट्राचेही हात आहेत. पुण्यात रेड हॅटमध्ये काम केलेले सिद्धेश पोयरेकर २०१७ मधल्या २.२५ आणि २.२६ या दोन आवृत्त्यांचे प्रकाशन-व्यवस्थापक होते. त्याआधी २०१५ च्या २.२२ आवृत्तीत अक्षरांचे तक्ते युनिकोड ७.० शी जुळवले गेले. ते तक्ते बनवणारी साधनं रेड हॅटच्याच प्रवीण सातपुते आणि माइक फाबियान यांनी दिली होती. एखादं चिन्ह अक्षर आहे की नाही, हे लायब्ररी अशाच तक्त्यांवरून ठरवते. देवनागरीचंही.

अशा कामाला बातमीमूल्य नसतं. सफाईला तर त्याहून नाही. २०१७ च्या उत्तरार्धात झॅक वाइनबर्ग यांनी लिबआयओचं हेडर आवरायला घेतलं. पद्धत सभ्य होती. १ फेब्रुवारी २०१८ ला आलेल्या २.२७ आवृत्तीत हेडर ठेवलं, पण ते थेट वापरणाऱ्याला कंपाइल करताना इशारा मिळेल अशी सोय केली. बदलांच्या टिपणात कारणंही दिली: या गोष्टींची कित्येक वर्षांत निगा राखलेली नाही, फाइल हाताळणीतल्या सुधारणांच्या त्या आड येतात आणि बाहेरचं कुणी आता त्या वापरत असेल असं वाटत नाही. १ ऑगस्ट २०१८ च्या २.२८ मध्ये हेडर बसवणंच बंद केलं.

सफाईची गरज खरी होती. आतलं प्रत्येक नाव बाहेर दिसतं तोवर ते बदलायची भीती असते. कुलपाची पद्धत सुधारायची, तर आधी बाहेर लटकलेली जुनी कुलपं खाली उतरवावी लागतात.

पण 'बाहेरचं कुणी वापरत नसेल' हा अंदाज चुकला. इशारा मिळायचा तो लिबआयओचं हेडर नाव घेऊन मागणाऱ्यांना. ग्नूलिबने ते कधीच थेट मागितलं नव्हतं. ती एसटीडीआयओ मागायची आणि त्यातून आत आलेलं फाटक बघायची. तिला इशारा पोचलाच नाही. भिंतीवर नोटीस लावली होती, पण ती ज्या दारावर होती त्या दाराने ही मंडळी येतच नव्हती.

मार्च २०१८ मध्येच, म्हणजे २.२८ अधिकृतपणे यायच्या पाच महिने आधी, अडचण लक्षात आली. ग्नूलिबचे पॉल एगर्ट यांनी दुरुस्ती केली. जुन्या खुणेच्या जागी _आयओ_ईओएफ_सीन ही खूण घेतली, कारण ती हेडरमध्ये उरली होती. _आयओ_इन_बॅकअप हे नाव आता खाजगी झालं होतं, त्याची किंमत हाताने लिहून दिली. सोबत टिपण ठेवलं की हा तात्पुरता उपाय आहे, ग्लिबसीच्या आतल्या गोष्टींवर विसंबणं बंद केलं पाहिजे. नवी खूणही आतलीच होती. एका फाटकाऐवजी शेजारचं फाटक.

गोठलेल्या कॉपी

मग गोष्ट इथेच संपायला हवी होती. दुरुस्ती वेळेत झाली, एकाच साठ्यात झाली. पण आठवा, ग्नूलिब ही कॉपी करून वापरायची गोष्ट. मूळ साठ्यात दुरुस्ती झाली म्हणून आधी निघून गेलेल्या कॉपी बदलत नाहीत.

त्यातली एक कॉपी होती एमफोरमध्ये. एमफोर हे मॅक्रो विस्तारून देणारं साधन, मूळचं १९७७ चं, कर्निघन आणि रिची यांचं. ग्नूच्या अवताराची १.४.१८ ही आवृत्ती ३१ डिसेंबर २०१६ ला आली होती आणि पुढची यायला मे २०२१ उजाडलं. या साडेचार वर्षांत अधिकृत एमफोर म्हणजे जुनं फाटक शोधणारं एमफोर. ऑटोकॉन्फ आणि बायसन या साधनांना एमफोर लागतं आणि कितीतरी प्रोग्राम बांधायला ही दोन साधनं लागतात. पायातलीच वीट सटकली. मॅक्रोचं काम करणारं साधन एका मॅक्रोपायी अडलं.

लिनक्सचं वितरण करणाऱ्या प्रत्येक गटाला आपापल्याकडे ठिगळ लावावं लागलं. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' या पुस्तकाकडे बघा. वाचकाने आख्खं लिनक्स स्वतःच्या हाताने, सोर्सपासून बांधावं म्हणून लिहिलेलं हे मोफत पुस्तक. सप्टेंबर २०१८ च्या ८.३ आवृत्तीत ग्लिबसी २.२८ आली आणि एमफोरच्या पानावर दोन जादा आज्ञा आल्या. पहिली म्हणते, सगळ्या फाइलमध्ये जुनी खूण शोध आणि नवी लिही. दुसरी म्हणते, अमुक फाइलच्या शेवटी ही एक ओळ जोड. फाइंडयुटिल्सच्या पानावरही तसंच.

पुस्तक हाताशी असणाऱ्याला दोन ओळींत सुटका मिळाली. पण कल्पना करा, जुना टारबॉल घेऊन एकट्याने बसलेला एखादा विद्यार्थी. पडद्यावर संदेश: ही फाइल तुमच्या व्यवस्थेसाठी जुळवून घ्या. त्याची व्यवस्था जगातली सर्वांत प्रचलित लिनक्स आहे. तो काय जुळवणार? त्याने काहीही चुकीचं केलेलं नाही. त्याला कुलूप माहीत नाही, लिबआयओ माहीत नाही. १९७० च्या दशकात वेगासाठी उघडलेल्या एका दाराचं बिल चाळीस वर्षांनी त्याच्या हातात आलंय.

चूक कोणाची

गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे. वापरणारे पुरेसे असले की तुम्ही करारात काय लिहिलंय याला महत्त्व उरत नाही. तुमच्या वस्तूची जी जी गोष्ट दिसते, तिच्यावर कुणीतरी विसंबलेलं असतं. रिकामा मॅक्रो हे त्याचं टोकाचं उदाहरण. त्याला काही वर्तनच नव्हतं. त्याचं नुसतं असणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

म्हणून ग्लिबसीने सफाई करूच नये का? तसं केलं तर प्रत्येक कोरी पाटी कायमची राहील आणि घर राहण्याजोगं उरणार नाही. ग्नूलिबने आत डोकावू नये का? मग तिच्यावर उभे असलेले प्रोग्राम काही व्यवस्थांवर चालणार नाहीत. दोघांचीही बाजू खरी आहे. उणीव होती ती मधल्या खिडकीची.

ती खिडकी एका लहान लायब्ररीने करून दाखवली. रिच फेल्कर यांची मसल ही सी लायब्ररी २०११ मध्ये आली. तिच्या हेडरमध्ये फाइलची आतली मांडणी दिसतच नाही. डोकावायला फटच ठेवलेली नाही. साहजिकच ग्नूलिबची अडचण झाली. तेव्हा मसलने आतली मांडणी उघडी न करता काही छोटी फंक्शन दिली. त्यातलं एक एवढंच सांगतं, की बफरमध्ये किती अक्षरं उरली आहेत. रजिस्टर बाहेर आणायची गरजच नाही. खिडकीवर विचारा, कारकून आकडा सांगेल.

ग्लिबसीला इतकं मोकळं होता येत नाही, कारण तिच्यावर वीस वर्षांचे तयार प्रोग्राम उभे आहेत. २.२८ मध्ये नावं गेली, पण फाइलच्या मांडणीचा साचा हेडरमध्येच राहिला. त्यावर एक सावधगिरीची सूचना आहे: हा मजकूर अधिकृत कराराचा भाग नाही, पण तयार प्रोग्रामशी असलेल्या कराराचा बराचसा भाग यात आहे, म्हणून तो बदलता येत नाही. जुन्या बांधलेल्या प्रोग्राममध्ये कुठला आकडा किती बाइटवर आहे, हे कोरलं गेलेलं असतं.

फाटक आणि गेज यांतला फरक हाच. फाटक काढलं तर पत्ते बदलतात. त्रास होतो, पण माणसं चार दिवसांत नवी खूण शोधतात. गेज बदललं तर जुना एकही डबा त्या रुळावर उभा राहू शकत नाही. सफाई करणाऱ्याला आधी हेच ओळखावं लागतं: समोरची वस्तू फाटक आहे की गेज.

ठेवलेली रिकामी पेटी

या गोष्टीला एक शेपूट आहे. थ्रेडची फंक्शन ग्लिबसीत बरीच वर्षं वेगळ्या लायब्ररीत होती, 'लिबपीथ्रेड' नावाच्या. थ्रेड हवे असतील तर बांधताना ती वेगळी जोडावी लागायची. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात प्रॅक्टिकलला ते जोडायचं विसरून चुकांची रांग बघितलेले कितीतरी जण हे वाचत असतील.

ऑगस्ट २०२१ च्या २.३४ आवृत्तीत ही वेगळी लायब्ररी मुख्य घरात विलीन झाली. आता ती जोडायची गरज नाही. पण जगभरच्या हजारो जुन्या बांधणी-फाइलमध्ये 'लिबपीथ्रेड जोड' अशी आज्ञा लिहिलेली आहे. ती लायब्ररी सापडलीच नाही तर बांधकाम अडेल. म्हणून ग्लिबसीने त्या नावाची एक पेटी मुद्दाम मागे ठेवली. ती उघडली तर आत काहीही नाही. जुन्या आज्ञेला ती सापडते, आज्ञा पुढे सरकते आणि खरं काम मुख्य घरात होतं.

२०१८ मध्ये एक रिकामी गोष्ट काढली, कारण ती रिकामी होती. २०२१ मध्ये एक रिकामी गोष्ट ठेवली, कारण तिच्या नावाने अजून कुणीतरी हाक मारत होतं. दुसरा निर्णय पहिल्याच्या धड्यातून आला असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून बघितले, की त्या पेटीची किंमत कळते.

सगळं सुटलं असंही नाही. त्याच २.३४ मध्ये आणखी एक आकडा स्थिर राहिला नाही आणि अडलेल्यांच्या यादीत पुन्हा कोण होतं? एमफोर १.४.१८. त्या जुन्या टारबॉलवर आणखी एक ठिगळ चढलं.

तुमच्यातल्या कुणी उद्या एखादी छोटी लायब्ररी लिहून इंटरनेटवर ठेवली, तर पहिल्याच दिवशी हेडर उघडून एकदा बघा. त्यात जे जे दिसतंय ते सगळं तुम्ही कायमचं देऊ केलंय असं समजा, मग नावाआधी कितीही अंडरस्कोर असोत. आणि एखाद्या दिवशी काही काढायची वेळ आलीच, तर फक्त दारावर नोटीस लावून थांबू नका. रस्त्यावर जाऊन बघा, पत्ता सांगताना लोक कशाचं नाव घेतात.

पाचोऱ्याहून जामनेरला उद्या मोठ्या रुळांवरून गाडी जाईल. तेव्हाही रिक्षावाल्याला कुणीतरी सांगेलच, पीजेच्या फाटकाशी थांबव. आणि रिक्षा बरोबर तिथेच थांबेल.